प्लग पॉइंट नसलेल्या ठिकाणी कॅमेरा कसा चालवायचा: स्पेअर बॅटऱ्या, पॉवर बँक, सोलर की गाडी?

काही दिवस अशा ठिकाणी जायचंय जिथे लाइटच नाही, कॅमेरा तर न्यायचाच आहे, मग पैसे नक्की कशावर घालायचे हा प्रश्न. बहुतेक जण शोधायला सुरुवात करतात ती सोलर पॅनेलपासून, कारण ते दिसायला भारी वाटतं आणि "फुकट वीज" हे शब्द ऐकले की माणूस विरघळतो. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा: नुसत्या कॅमेऱ्याचा विचार असेल तर आठवडा-दहा दिवसांपर्यंत स्पेअर बॅटऱ्यांना कोणी हरवत नाही, वजनातही नाही आणि कटकटीतही नाही. बाकीचे पर्याय चुकीचे नाहीत, पण ते कधी कामाचे होतात ते थोडं गणित केल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी गणित.

एमएएच विसरा, वॉट-अवर बघा

पॉवर बँकवर १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, हजार म्हणजे एक अँपिअर-अवर) लिहिलेलं असतं, कॅमेऱ्याच्या बॅटरीवर २,२८० लिहिलेलं असतं, आणि लोक सरळ भागाकार करून मोकळे होतात की चार-साडेचार वेळा चार्ज होईल. होत नाही. पॉवर बँकमधला आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टचा असतो आणि कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची, त्यामुळे दोन्हीकडे वॉट-अवर, म्हणजे आत एकूण किती वीज मावते ते, काढल्याशिवाय तुलनाच होत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, बस्स. १०,००० एमएएचचा पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० चा म्हणजे ७४. कॅमेऱ्याच्या बाजूला सोनीची एनपी-एफझेड१०० ही १६.४ वॉट-अवरची, निकॉनची ईएन-ईएल१५सी आणि कॅननची एलपी-ई६एनएच दोन्ही साधारण १६ च्या, फुजीची एनपी-डब्ल्यू२३५ पण तेवढीच. लहान कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या याच्या निम्म्या, कॅननची एलपी-ई१७ साडेसात वॉट-अवरच्या आसपास, सोनीची जुनी एनपी-एफडब्ल्यू५० तशीच.

आता ३७ भागिले १६ केलं तरी सव्वादोन येतात, पण तेवढेही मिळत नाहीत. पॉवर बँक आधी ३.७ चे ५ किंवा ९ व्होल्ट करतो तिथे थोडं जातं, केबलमधे थोडं जातं, मग चार्जर किंवा कॅमेरा त्याचे ८.४ व्होल्ट करून बॅटरीत ढकलतो तिथे परत थोडं जातं. शेवटी हातात येतात साठ-सत्तर टक्के. म्हणजे १०,००० च्या पॉवर बँकमधून मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी साधारण दीड वेळा भरते. हा दीड लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

दुसरा आकडा, तुम्हाला रोज किती लागतं. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात "एका चार्जमधे इतके फोटो" असं असतं ते सीआयपीए या जपानी संघटनेच्या टेस्टनुसार असतं, ज्यात दर ३० सेकंदाला एक फोटो, फ्लॅश अंगचाच असेल तर एकाआड एक फोटोला फ्लॅश, मधेमधे कॅमेरा बंद-चालू, असा ठरलेला कार्यक्रम असतो. सोनी ए७ थ्री या मिररलेसला यात स्क्रीन वापरून ७१० आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) वापरून ६१० फोटो मिळतात, निकॉन डी८५० या डीएसएलआरला १,८४०. हा फरक बघून कळेल की डीएसएलआरवाल्यांना हा प्रश्न मिररलेसवाल्यांइतका छळत का नाही, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधे आरशातून थेट दिसतं, त्याला वीजच लागत नाही, मिररलेसमधे मात्र आत छोटी स्क्रीनच असते. प्रत्यक्षात बर्स्ट, म्हणजे एका दमात धडाधड फोटो, मारणाऱ्याला या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट फोटो मिळतात, आणि पक्षी कधी उडेल याची वाट बघत तासभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसणाऱ्याला अर्धेही नाहीत, कारण मिररलेसमधे वीज खातो तो वेळ, शटर नाही. त्यामुळे निघायच्या आधी एक-दोन दिवस तुमच्या पद्धतीने फोटो काढा आणि बघा किती टक्के उतरतं. पुढच्या हिशोबासाठी मी रोज एक १६ वॉट-अवरची बॅटरी धरते, व्हिडिओ फारसा नाही असं समजून. व्हिडिओवाल्यांनी सरळ दुप्पट-तिप्पट धरा.

स्पेअर बॅटऱ्या

अशी १६ वॉट-अवरची एक बॅटरी साधारण ८० ग्रॅम भरते. म्हणजे २०० ग्रॅममधे अडीच बॅटऱ्या. १०,००० चा पॉवर बँक पण साधारण २०० ग्रॅमचाच असतो, आणि तो देतो किती, तर दीड. वर त्याची केबल आणि चार्जर वेगळा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गणित परत करून बघितलं कारण डोक्यात उलटंच बसलेलं होतं की पॉवर बँक म्हणजे हलका पर्याय. बॅटरीत भरलेली वीज थेट कॅमेऱ्यात जाते, मधे कोणी दलाल नाही, हे कारण.

आणि दुसरा फायदा वजनापेक्षा मोठा आहे: बॅटरी बदलायला पाच सेकंद लागतात. चार्जिंगला दोन-अडीच तास लागतात, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांमधे बॅटरी आत ठेवून चार्ज करताना कॅमेरा बंद ठेवावा लागतो. सूर्योदयाच्या वेळी कॅमेरा केबलला लटकलेला असणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्याला विचारा.

तोटा एकच, पैसे. ओरिजिनल बॅटऱ्या महाग असतात आणि सात-आठ घ्यायच्या म्हटलं तर पोटात गोळा येतो. मग थर्ड पार्टी घ्यायच्या का? घ्या, पण जरा बघून. छापलेला आकडा ओरिजिनलपेक्षा खूप जास्त असेल तर तो खोटा धरून चाला, तेवढ्याच डब्यात तेवढेच सेल मावतात. स्वस्त बॅटऱ्यांमधली चिप कॅमेऱ्याशी नीट बोलत नाही, मग ४० टक्के दाखवता दाखवता एकदम बंद. आणल्या आणल्या प्रत्येक बॅटरी फुल चार्ज करून एकदा पूर्ण संपवून बघायची, फुगते का, अडकते का, किती चालते, आणि जी कमी पडेल ती परत करायची, हे सगळं घरीच. माझी पद्धत अशी की दोन ओरिजिनल आणि बाकी बऱ्या थर्ड पार्टी, महत्त्वाच्या सकाळी ओरिजिनल आत घालायची. हल्ली काही थर्ड पार्टी बॅटऱ्यांच्या अंगालाच यूएसबी-सी पोर्ट असतं, म्हणजे चार्जर न्यायचीच गरज नाही, नुसती केबल लावली की झालं. ही सोय लांबच्या प्रवासात फार कामाची आहे.

बारीकसारीक गोष्ट पण सांगते. भरलेल्या आणि संपलेल्या बॅटऱ्या दिसायला एकसारख्या, आणि अंधारात टॉर्च तोंडात धरून कोणती कोणती ते शोधणं वैताग. मी प्रत्येकीवर मास्किंग टेपचा तुकडा लावून नंबर टाकते, आणि पाउचमधे भरलेली असेल तर टर्मिनलची बाजू खाली, संपली की वर. टर्मिनलवर प्लॅस्टिकची टोपी असते ती फेकू नका, खिशात किल्ल्या किंवा नाणी टर्मिनलला लागली की शॉर्ट होतं आणि बॅटरी चटका बसेल इतकी तापू शकते.

थंडीचं काय

थंडीत बॅटरी लवकर संपते हे सगळ्यांना माहीत असतं. खरं तर ती संपलेली नसते, आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं की संपली. तीच बॅटरी आतल्या खिशात अर्धा तास ठेवली की परत बराच वेळ चालते. म्हणून थंड ठिकाणी एक कॅमेऱ्यात, एक अंगालगतच्या खिशात, आलटून पालटून, आणि रात्री सगळ्या स्लीपिंग बॅगमधे. पॉवर बँक पण तिथेच.

पण थंडीत वापरणं आणि थंडीत चार्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे पर्याय निवडताना फरक पडतो. लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली वापरायला हरकत नसते, चार्ज करायला असते. गोठणबिंदूच्या खाली चार्ज केलं की लिथियम ग्राफाइटच्या आत शिरायच्याऐवजी त्याच्यावर धातूच्या थरासारखं साचत जातं, क्षमता कायमची कमी होते आणि आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका वाढतो. म्हणजे बर्फात सकाळी पॅनेल उघडून बाहेरच्या बाहेर गार पडलेल्या बॅटऱ्या चार्जिंगला लावणं हा प्लॅन मुळातच चुकतो. जिथे दिवसाही तापमान शून्याच्या वर जात नाही तिथे भरून नेलेल्या बॅटऱ्यांचं पारडं आणखी जड.

पॉवर बँक

मग पॉवर बँक घ्यायचाच नाही का? घ्यायचा, कारण कॅमेरा एकटा नसतो. फोन असतो, हेडलॅम्प असतो, कोणाकडे जीपीएस असतं, आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीतली वीज फोनमधे टाकायची सोय सहसा नसते. एक पॉवर बँक हे सगळं सांभाळतो आणि अडीअडचणीला कॅमेऱ्याला पण देतो. माझ्या हिशोबाने एखाद्या आठवड्याच्या ट्रिपला १०,००० किंवा २०,००० चा एक पुरे, तो फोनसाठी आहे असं समजायचं, आणि कॅमेऱ्यासाठी बॅटऱ्या वेगळ्या.

विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा, कारण इथे लोक फसतात. पहिली, तुमचा कॅमेरा यूएसबीवर चार्ज होतो का आणि कोणत्या यूएसबीवर. पोर्ट आहे म्हणजे चार्ज होतो असं नाही, जुन्या डीएसएलआरचं पोर्ट फक्त फोटो कॉपी करायला. कॅननच्या ईओएस आर, आरपी, आर५, आर६ या कॅमेऱ्यांना साधा ५ व्होल्टचा पॉवर बँक चालत नाही, यूएसबी पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरीवाला लागतो. निकॉन झेड६ मधे जुनी ईएन-ईएल१५ बॅटरी बसते, चालते, पण कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात चार्ज होत नाही, त्याला १५बी किंवा १५सी लागते. असल्या बारीक अटी प्रत्येक कंपनीच्या असतात, मॅन्युअलमधलं ते एक पान वाचून घ्या. ज्यांचा कॅमेरा यूएसबीवर चार्ज होत नाही त्यांनी यूएसबीवर चालणारा दोन खाचांचा चार्जर घ्यावा, हातात मावेल एवढा असतो, काहींना छोटी स्क्रीन असते आणि प्रत्येक बॅटरी किती भरली ते दिसतं. खरं सांगायचं तर कॅमेरा यूएसबीवर चार्ज होत असला तरी मी हाच चार्जर नेते, बॅटरी इकडे चार्ज होत राहते आणि कॅमेरा माझ्या गळ्यात मोकळा असतो.

दुसरी गोष्ट, पॉवर बँक आपणहून बंद पडतो. फारच कमी करंट ओढला जात असेल तर त्याला वाटतं काही लावलेलंच नाही आणि तो झोपतो. छोट्या बॅटऱ्या चार्ज करताना शेवटच्या टप्प्यात असं होतं. काही पॉवर बँकमधे कमी करंटचा मोड असतो, बटण दोनदा दाबून वगैरे, तो असलेला घ्या.

टाइमलॅप्स किंवा रात्रभर ताऱ्यांचे फोटो हा मात्र पॉवर बँकचा खरा प्रांत. मधे बॅटरी बदलायला गेलात तर फ्रेम हलते आणि सगळी रात्र वाया. तिथे डमी बॅटरी, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा ठोकळा आणि त्याला वायर, ती पॉवर बँकला जोडायची की कॅमेरा तासन्‌तास चालतो. डमी बॅटरीसाठी तेवढं व्होल्टेज देणारा पॉवर बँक लागतो, पीडी ९ व्होल्टवाला बहुतेक चालतो पण केबलवर काय लिहिलंय ते बघूनच जोडा.

सोलर

आता सगळ्यांचं लाडकं. पॅनेलवर २० वॉट लिहिलेलं असतं ते लॅबमधलं, एक चौरस मीटरवर १,००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश असताना. खऱ्या उन्हात सेल ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे उन्हात पॅनेल जितकं तापतं तितकं छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी देतं, गंमतच आहे. त्यात कोन चुकला, धूळ बसली, यूएसबीच्या सर्किटमधे थोडं गेलं. चांगल्या उन्हात २० वॉटचं पॅनेल १०-१४ वॉट देत असेल तर ते चांगलं पॅनेल समजा. ढग आले की दहा-वीस टक्क्यांवर येतं, कधी त्याच्याही खाली.

दिवसभर एकाच जागी मुक्काम, स्वच्छ ऊन, दर तासा-दोन तासांनी पॅनेल सूर्याकडे फिरवणारा कोणीतरी माणूस, असं सगळं जुळलं तर ५०-६० वॉट-अवर गोळा होतात. ते पॉवर बँकमधे भरून मग बॅटरीत टाकायचे, वाटेतली गळती धरून दोन बॅटऱ्या भरतात. वाईट नाही, रोज दोन म्हणजे भरपूर. पण चालताना सॅकच्या पाठीवर पॅनेल अडकवून जे लोक जातात त्यांना याच्या तिसरा हिस्सा पण मिळत नाही, कारण सूर्य डोक्यावर आणि पॅनेल उभं, झाडाची सावली येते जाते, आणि सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एका पट्ट्यावर हाताएवढी सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचा दम जातो.

कॅमेऱ्याची बॅटरी पॅनेलला थेट लावायच्या भानगडीत पडू नका. होतं काय, ढग येतो, व्होल्टेज पडतं, चार्जर बंद होतो, ढग जातो आणि चार्जर परत चालूच होत नाही किंवा अगदी हळू मोडमधे अडकतो. तुम्ही दोन तासांनी येऊन बघता तर हिरवा दिवा लुकलुकतोय आणि बॅटरी आहे तिथेच. केबल काढून परत लावली की पुन्हा सुरू. पॉवर बँक मधे ठेवला की हा त्रास बराच कमी होतो, त्याला थांबत थांबत भरलेलं चालतं, आणि रात्री त्यातून बॅटऱ्या भरायच्या. बहुतेक पॅनेलच्या मागे एक कप्पा असतो, पॉवर बँक ठेवायला म्हणून, आणि नेमकी तीच ठेवायची सर्वात वाईट जागा आहे. पॅनेलच्या मागे भट्टी असते आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक कंपन्या सांगतात. मीटरभर केबल घ्या, पॉवर बँक सावलीत दगडामागे ठेवा. केबल फार लांब आणि बारीक नको, ५ व्होल्टमधे तेवढ्यानेही फरक पडतो.

वजनाचा हिशोब: २०-२८ वॉटचं घडीचं पॅनेल साधारण ६०० ग्रॅम, वर २०० ग्रॅमचा पॉवर बँक, झाले ८०० ग्रॅम. तेवढ्यात दहा बॅटऱ्या येतात. म्हणजे दहा दिवस रोज एक बॅटरी, ऊन असो नसो, पाऊस असो, पॅनेल फिरवायला कोणी असो नसो. त्याच्यापुढे जायचं असेल, तीन आठवडे, महिना, तर मात्र सोलर जिंकायला लागतं आणि मग जिंकतच राहतं, कारण त्याचं वजन वाढत नाही. व्हिडिओवाले, ड्रोनवाले, लॅपटॉप नेणारे यांना ही सीमा तीन-चार दिवसांवरच येते. तेव्हा पॅनेल घ्यायचं की नाही याचं उत्तर "निसर्गात जातोय" यावर नसून दिवस गुणिले रोजचे वॉट-अवर यावर आहे. आणि हो, जंगलात दाट झाडीखाली किंवा पावसाळी भागात जाणार असाल तर पॅनेल घरीच ठेवा, तिथे ते ६०० ग्रॅमचं बिछाना झटकायचं फडकं आहे.

गाडी असेल तर

गाडीने फिरत असाल तर वरचं सगळं वजनाचं गणित बाद, फार विचार करू नका. १२ व्होल्टच्या सॉकेटमधे ३० वॉटच्या पुढचा पीडीवाला कार चार्जर लावा, त्याला दोन खाचांचा यूएसबी चार्जर, आणि चालत्या गाडीत बॅटऱ्या भरत राहतात. गाडीत आधीपासून असलेलं यूएसबी पोर्ट बऱ्याचदा गाण्यांपुरतं असतं, अर्धा-एक अँपिअर, त्यावर कॅमेऱ्याची बॅटरी दिवसभरात कशीबशी भरते.

इन्व्हर्टर घेऊन भिंतीतला चार्जर लावायची सवय बऱ्याच जणांना असते. चालतं ते, पण १२ व्होल्ट डीसीचं एसी करायचं आणि चार्जरने परत त्याचं डीसी करायचं यात वीज वाया जाते, आणि इन्व्हर्टर काही न लावता पण आपला आपण वीज पीत असतो. ज्याच्या बॅटरीचा यूएसबी चार्जर मिळतच नाही त्यानेच घ्यावा. एक काळजी, काही गाड्यांचं सॉकेट चावी काढल्यावर पण चालू राहतं, रात्रभर काहीतरी लावून ठेवलंत तर सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

एकाच जागी गाडी लावून बरेच दिवस मुक्काम असेल तर पॉवर स्टेशन बघा, म्हणजे तो हँडलवाला मोठा डबा. इकोफ्लो रिव्हर २ सारखा लहानातला २५६ वॉट-अवरचा आणि साडेतीन किलोचा आहे, आतले सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, जे हजारो वेळा चार्ज करता येतात. त्याच्या यूएसबी पोर्टवरून चार्ज केलंत तर दहा-बारा बॅटऱ्या आरामात, एसी सॉकेटवरून केलंत तर त्याहून कमी. पाठीवर न्यायची वस्तू नाही ही.

बाकीचे

पेन्सिल सेल (एए). आता फारच कमी कॅमेरे त्यावर चालतात, पण पेंटॅक्सचे के-३० आणि के-५० वेगळा होल्डर घेतला की चालतात, आणि निकॉन डी८५० च्या एमबी-डी१८ ग्रिपमधे (कॅमेऱ्याच्या खाली लावायचा जादा बॅटरीचा भाग) आठ सेल घालता येतात. तुमच्याकडे असं काही असेल तर डिस्पोजेबल लिथियम सेल हा कडाक्याच्या थंडीतला सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे, उणे ४० पर्यंत चालतात, एक सेल जेमतेम १५ ग्रॅमचा, वर्षानुवर्षं पडून राहिला तरी भरलेला. साधे अल्कलाइन सेल मात्र कॅमेऱ्यात आणि त्यातून थंडीत अगदीच टाकाऊ. वापरलेले सेल परत आणायचे, तिथे टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सायकलवाले नशीबवान, पुढच्या चाकाच्या हबमधला डायनामो ताशी १५ किमीच्या आसपास ६ व्होल्ट ३ वॉट देतो, दिवसभर पायडल मारले तर पॉवर बँकमधून जवळजवळ एक बॅटरी निघते, पाऊस असला तरी. हाताने फिरवायचा चार्जर घेऊ नका. चार वॉट धरले तरी एका बॅटरीसाठी पाच तास हात फिरवायचा, म्हणजे फोटो कोण काढणार. चुलीच्या उष्णतेवर वीज करणारे स्टोव्ह असतात, बायोलाइट कॅम्पस्टोव्ह २ तीन वॉटचा आहे, फोनला ठीक, कॅमेऱ्यासाठी मनाची समजूत.

खर्च कमी करणं हा पण पर्यायच आहे आणि तो बिनपैशाचा. वायफाय, ब्लूटूथ बंद, फोटो काढल्यावर आपोआप दिसणारा प्रिव्ह्यू बंद, स्क्रीनचा उजेड कमी, आणि रात्री तंबूत बसून दिवसभराचे फोटो बघत डिलीट करणं बंद, ही शेवटची सवय किती खाते ते मोजून बघा. कॅमेऱ्यात जीपीएस असेल तर ते आवर्जून बघा, कॅनन ६डी सारख्या काही कॅमेऱ्यांत जीपीएस चालू ठेवलं तर कॅमेरा बंद केल्यावरही ते वीज घेत राहतं. एवढं सगळं केलं की बऱ्याच जणांची एक बॅटरी वाचते, आणि बॅटरी वाचली म्हणजे ८० ग्रॅम आणि तेवढे पैसे.

विमानाने जाणार असाल तर

इथे काही पर्याय आपोआप कटतात. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडवत नाहीत, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते आणि तशा दोनच नेता येतात, १६० च्या वर प्रवासी विमानात नाहीच. म्हणजे पॉवर स्टेशन बाद. २०,००० एमएएचचा पॉवर बँक ७४ वॉट-अवरचा, तो चालतो, ३०,००० चा १११ होतो आणि परवानगीत अडकतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १६ च्या, त्यामुळे त्यांचा प्रश्न वॉट-अवरचा नसून संख्येचा, काही एअरलाइन्स एकूण नग मोजतात. पॉवर बँकवर वॉट-अवर छापलेले नीट वाचता येत नसतील तर सिक्युरिटीवाला ठेवून घेऊ शकतो, पुसट झालेला जुना पॉवर बँक घेऊन जाऊ नका. काही एअरलाइन्स विमानात पॉवर बँक वापरूही देत नाहीत, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर नियम बघा, हे हल्ली पटापट बदलतायत.

चार-पाच जण मिळून जाणार असाल तर

इथे वरचा माझा सगळा हट्ट मी थोडा सैल करते. एकट्याला ८०० ग्रॅमचं सोलर परवडत नाही, पण चौघांत ते प्रत्येकी २०० ग्रॅम होतं, आणि पॅनेल जरा मोठं, ४०-५० वॉटचं घेतलं तर वजन त्या मानाने कमीच वाढतं. मुक्कामावर थांबणारा एक जण असेल तर पॅनेल फिरवायचा प्रश्नही सुटतो. पाच-सहा दिवसांच्या ट्रिपमधेही मग ते परवडायला लागतं. पण त्यासाठी निघायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून कोणाची कोणती बॅटरी ते लिहून काढा. दोघांचा कॅमेरा एकाच प्रकारच्या बॅटरीवर चालत असेल तर स्पेअर एकमेकांना वापरता येतात आणि चार्जर एकच पुरतो. चौघांचे चार ब्रँड असतील तर चार चार्जर, चार केबल, आणि रात्री एका पॉवर बँकच्या दोन पोर्टवरून भांडण. तिथे आधीच नंबर लावून ठेवा, ज्याची बॅटरी उद्या पहाटे लागणार आहे त्याची आधी, बाकीच्यांची उद्या दुपारच्या उन्हात.